पुढील वर्ग नाही

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापक म्हणून. त्या अकरा वर्षांत हा रकाना मी बहुतेक वेळा एकाच वाक्याने भरला : ‘या शाळेत पुढील वर्ग नाही.’ एका शाळेत सातवीला, दुसऱ्या शाळेत आठवीला. सही करायची, गोल शिक्का मारायचा, दाखला बापाच्या हातात द्यायचा, की आमचं काम संपलं. तो कागद पुढे कुठल्या शाळेत पोचला का, हे पाहणं माझ्या कामात बसत नव्हतं. ते कोणाच्याच कामात बसत नाही. ते कोणाच्या तरी कामात बसलं पाहिजे, आणि ते काम जिल्हा परिषदेचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी असाच एक दाखला मी एका मुलीच्या वडिलांना दिला. तीन एकर कोरडवाहू वावर असलेला माणूस. मुलगी गणितात फार चांगली होती. आठवीत एनएमएमएसच्या परीक्षेला बसली आणि निवड यादीत आली. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती वर्षाला १२ हजार रुपयांची आहे, नववीपासून बारावीपर्यंत चालते; अट अशी की मुलानं सरकारी किंवा अनुदानित शाळेत पुढे शिकत राहिलं पाहिजे. आमच्या शाळेला केवढा आनंद झाला होता! ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मी त्यांच्या धुऱ्यावरून चाललो होतो, तर ती मुलगी हातात विळा घेऊन कापणीच्या पातीवर. मी थांबलो. वडील जवळ आले. मी विचारायच्या आधीच बोलू लागले :

“गुरुजी, पोरगी हुशार हाय, मले माईत हाय. पन सात किलोमीटर जाईन कशी? मुक्कामी गाडी सकाळी सा वाजता निंगते, शाळा भरते साडेदहाले. तवरिक पोरीनं कुठी बसाव? अन् संध्याकाळी गाडी नाई आली तं?”

दाखला कुठे आहे म्हणून विचारलं. पेटीत, राशन कार्डाच्या सोबत. नववीत नाव नव्हतं, म्हणून शिष्यवृत्ती सुरूच झाली नाही. परीक्षा सरकारने घेतली, निकाल सरकारने लावला, पैसे सरकारकडे तयार होते. फक्त नववीचा वर्ग सरकारकडे नव्हता.

यु-डायस प्लस या, शाळा आणि मुलांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर अशा मुलांसाठी एक जागा आहे. तिला ड्रॉपबॉक्स म्हणतात. आपल्या शाळेतून नाव बाहेर काढलं की मूल तिथे जाऊन बसतं आणि पुढच्या शाळेने ओढून घेईपर्यंत तिथेच राहतं. दर वर्षी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फोन यायचे, ड्रॉपबॉक्स रिकामा करा. मी शेजारच्या शाळांना फोन लावायचो, तुमच्याकडे हे पोरगं आलं का, ते आलं का. कोणी नाही म्हटलं की शेरा टाकायचा आणि ओळ मोकळी. त्या ओळीमागचं मूल शोधायला कुणी वाडीवर गेल्याचं माझ्या आठवणीत नाही. मीसुद्धा दोनतीनदाच गेलो, हे सांगताना मला वाईट वाटतं.

हे असं का, त्याचं कायद्यातलं उत्तर सोपं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला तो ६ ते १४ वयापुरता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो पहिली ते आठवीपुरता. शाळा घरापासून किती अंतरावर हवी, याचं बंधनही तेवढ्याच वर्गांना. नववीचं पोरगं कायद्याच्या दारातून बाहेर पडतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३० पर्यंत माध्यमिक स्तरावर शंभर टक्के मुलं आणण्याचं उद्दिष्ट लिहिलं आहे. पण उद्दिष्ट वेगळं आणि हक्क वेगळा. उद्दिष्ट हुकलं म्हणून कोणी बाप कोर्टात जाऊ शकत नाही.

माझा पुतण्या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. त्याची मुलगी तिथे आठवीत असताना एकदा फोनवर तो म्हणाला, काका, सध्या हायस्कूलच्या फॉर्मची धावपळ आहे. मला वाटलं खासगी शाळा असेल. ती शहराच्या सरकारी शाळांची होती. मग मी त्याला खोदून खोदून विचारलं आणि पुढे स्वतःही वाचत गेलो.

न्यूयॉर्कचा शाळा विभाग अमेरिकेतला सगळ्यात मोठा. नऊ लाखांच्या आसपास मुलं, चारशेवर सरकारी हायस्कुलं. पुतणीच्या वेळी आठवीतल्या मुलाला आपल्या पसंतीच्या बारा जागांपर्यंत क्रमाने यादी देता येत होती. पूर्वी या कामात मोठा गोंधळ होता. दर वर्षी सुमारे ३० हजार मुलांना त्यांनी मागितलेलीच नाही अशी शाळा मिळायची. २००३-०४ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी मुलं आणि शाळा यांची जुळवणी करण्याची नवी रीत बसवून दिली आणि तो आकडा ३ हजारांच्या आसपास आला. त्यातले एक, आल्विन रॉथ, यांना याच प्रकारच्या संशोधनासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिथे सगळं न्याय्य आहे असं मुळीच नाही. प्रवेश परीक्षेवर भरणाऱ्या तिथल्या नामवंत शाळांत स्टायव्हेसंट सगळ्यात वरची. २०१९ साली तिने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यात कृष्णवर्णीय मुलं होती ७. पसंतीक्रमाची यादी हातात आली म्हणजे विषमता गेली असं नाही, हे त्या शहरातले लोक स्वतःच सांगतात, त्यावर भांडतात. पण त्यांच्या भांडणाचा विषय असा असतो की कोणत्या मुलाला कोणती शाळा. मुलाला शाळाच नाही, हा प्रश्न तिथे उभा राहत नाही. ज्या विभागाने पहिलीत नाव घातलं, तोच विभाग बारावीपर्यंत बांधलेला. मधे दाखला हातात घेऊन दारोदार फिरायचा एकही दिवस नाही. मला त्या बारा पसंत्यांचा हेवा वाटला नाही. या न तुटणाऱ्या साखळीचा वाटला.

आपल्याकडे ही साखळी तुटते ती जुन्या विभागणीमुळे. प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांनी चालवायच्या, माध्यमिक मुख्यतः खासगी संस्थांनी, आणि त्यांना सरकारने अनुदान द्यायचं. मुंबईसारख्या शहरातही महापालिकेला प्राथमिक शिक्षण बंधनकारक आणि माध्यमिक ऐच्छिक अशीच कायद्याची मांडणी आहे. विदर्भात या विभागणीने एके काळी मोठं काम केलं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, श्रद्धानंद छात्रालय चालवलं. कुणब्या-माळ्यांची, तेल्यांची, दलितांची पोरं त्यामुळे मॅट्रिक झाली. माझे वडील अशाच एका संस्थेच्या शाळेत दहा मैल चालत जाऊन शिकले. त्या संस्थांचं ऋण मी मानतो.

पण ती पिढी वेगळी होती, तो ध्यास वेगळा होता. २००१ मध्ये राज्याने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला, म्हणजे आज ना उद्या अनुदान मिळेल अशी आशा लागली. त्या आशेवर तरुण मुलं बारा-पंधरा वर्षं बिनपगारी शिकवत राहिली. दिवसा वर्ग, सकाळ-संध्याकाळ कोणाच्या दुकानात हिशेब. मग २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे आले. २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबली ती कित्येक वर्षं. त्याच वर्षी स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा सरकारी पगार ज्या क्रमांकावर निघतो त्याचं) प्रकरण उघडकीस आलं, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. शाळेच्या नोकरीचा बाजार कुठवर गेला होता, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

अनुदान म्हणजे मुख्यतः पगार. पगार सरकार देतं. शाळा कोणत्या गावात काढायची, हे मात्र संस्था ठरवते. संस्था शाळा काढते ती तालुक्याच्या ठिकाणी, हायवेला, बाजाराच्या गावी, कारण पट, म्हणजे मुलांची संख्या, तिथे मिळतो. झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, मेळघाटात धारणीच्या पलीकडे, जिवतीच्या डोंगरावर पट मिळत नाही. त्यात त्या संस्थेचाही काही गुन्हा नाही. तिला पगारी पदं टिकवायची आहेत.

पट मिळवण्यासाठी काय चालतं, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. एप्रिल-मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, अनुदानित हायस्कुलांचे शिक्षक मोटरसायकलवर गावोगाव फिरतात. चौथी-पाचवीची आणि सातवी-आठवीची यादी आमच्याकडे मागतात. एका गावात तीन शाळांचे शिक्षक एकाच घराच्या ओसरीवर मी पाहिले आहेत. दप्तर देऊ, वह्या देऊ, गणवेश देऊ, गाडी दारात लावू. त्या गाडीचं डिझेल शिक्षक आपल्या पगारातून वर्गणी काढून भरतात, कारण पट पडला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं, मास्तर अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात कुठे जाईल याचा नेम नाही. या शिक्षकांवर माझा राग नाही, ते माझेच भाऊबंद आहेत. पण या ओढाताणीत मुलांची वाहतूक कोणाच्या भरवशावर चालते आहे, ते पाहा. शिक्षकांच्या वर्गणीवर. ज्या गावात आठवीची चारच पोरं आहेत, तिथे गाडी वळत नाही. चार पोरांसाठी डिझेल परवडत नाही. ती चार पोरं कोणाचीच नाहीत.

आणि याच ओढाताणीपायी जिल्हा परिषदेने आठवीचा किंवा नववीचा वर्ग जोडायचं म्हटलं की शेजारच्या संस्थेचा विरोध होतो : आमचा पट तोडता. हा विरोध जिल्हा परिषदेच्या सभागृहात वजनदार असतो, कारण संस्थाचालक आणि पुढारी ही दोन माणसं आपल्याकडे पुष्कळदा एकच असतात.

जिल्हा परिषदेला हायस्कूल चालवता येत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने वऱ्हाडातल्या जुन्या हायस्कुलांच्या फाटकावरच्या पाट्या वाचाव्यात. ‘जिल्हा परिषद माजी शासकीय माध्यमिक शाळा.’ हे ‘माजी शासकीय’ दोन शब्द मला नेहमी थांबवतात. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळापासूनची ही सरकारी हायस्कुलं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यानंतर त्यांच्याकडे आली. दगडी चिऱ्यांच्या इमारती, उंच छत, मोठं मैदान, प्रयोगशाळेची वेगळी खोली. मी स्वतः अशाच एका हायस्कुलात शिकलो. आम्हाला विज्ञान शिकवणारे सर बदली होऊन आलेले होते आणि बदली होऊन गेले. त्यांच्या जागी दुसरे आले. संस्थेच्या मर्जीचा प्रश्न नव्हता, डोनेशनचा नव्हता. पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने विदर्भ-मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं जास्त आहेत, ही आपली जमेची बाजू आहे. आज त्यातल्या कित्येकांत गणिताचं पद रिकामं, इंग्रजी घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाच्या मानधनावर. पट घसरला म्हणून पदं भरत नाहीत, पदं नाहीत म्हणून पालक येत नाहीत. आधी पदं भरून पाहा, मग पटाचं बोला, एवढी तरी संधी या शाळांना मिळायला हवी.

आता खर्चाचा मुद्दा. तो खोटा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने समूह शाळांचा विचार मांडला : वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, नंदुरबारच्या तोरणमाळ आणि पुण्याच्या पानशेतचा दाखला देऊन. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांत सहावी ते आठवी गटाचा पट वीसच्या खाली गेला तर शिक्षकाचं पदच मिळणार नाही अशी स्थिती आली, आणि त्याविरुद्ध राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले. प्रत्येक वाडीला दहावीपर्यंत शाळा द्या, असं मी म्हणत नाही. आठ मुलांच्या नववीला सहा विषयांचे शिक्षक कोणीच देऊ शकत नाही, आणि दिले तरी त्या मुलांचं भलं होईलच असं नाही. नववी-दहावीच्या पोराला सोबती लागतात, स्पर्धा लागते, प्रयोगशाळा लागते.

पण लहान शाळा म्हणजे वाया गेलेला पैसा, हे सरसकट गणित मला मान्य नाही. ज्या न्यूयॉर्कचं मी आधी सांगितलं, त्या शहराने २००२ नंतर उलटा रस्ता धरला. निकाल वाईट असलेली हजारो मुलांची अवाढव्य हायस्कुलं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि त्यांच्या जागी शंभरावर छोटी हायस्कुलं काढली, एका इयत्तेत साधारण शंभर मुलं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने या शाळांचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि तिथून हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गरीब घरच्या मुलांचंही. शिकागोने २०१३ मध्ये पट कमी म्हणून एका झटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर पाहिलं तेव्हा त्या मुलांचं शिकणं सुधारण्याऐवजी मागे पडलेलं आढळलं, आणि शाळा बंद होणार ही बातमी आली त्याच वर्षापासून. तिथे तर नवी शाळा शहरातच होती, रस्ता डांबरी होता, बस होती.

आपल्याकडे शाळा मिटवली की मधे नाला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पूल पाण्याखाली जातो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उन्हामुळे, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. उघडून महिना होत नाही तोच पूर. मग ऑक्टोबरात सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी. दूरच्या शाळेत जाणाऱ्या पोराचे यात किती दिवस बुडतात, ते हजेरीवर दिसत नाही, कारण पट टिकवायचा असतो.

वाहतुकीच्या योजना नाहीत असं नाही. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा एसटी पास मोफत आहे. या योजनांनी विदर्भातल्या हजारो मुली दहावीला पोचवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पास मोफत असून गाडी आली नाही तर पासाचं काय करायचं? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. करोनाने दीड वर्ष शाळा बंद होती, ती उघडली आणि गाडी बंद. त्या वर्षी आमच्या भागातून हायस्कूल सोडलेल्या मुलींपैकी परत आलेल्या मला बोटांवर मोजता येतील. कामगारांच्या मागण्या रास्त होत्या, त्यांच्यावर बोट दाखवण्यात अर्थ नाही. मुलीचं शिक्षण एकाच गाडीच्या चाकाला बांधून ठेवलं होतं, चूक तिथे होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. नववीत नाव नसलेली पोरगी घरी किती दिवस ‘रिकामी’ दिसते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

मग करायचं काय? निवृत्त झाल्यावर वेळ होता, म्हणून मी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रशाळेला जोडलेल्या शाळांच्या, नऊ गावांत फिरलो. प्रत्येक गावी जाऊन आठवीची पोरं वहीत लिहून घेतली. कुठे सहा, कुठे अकरा, एका गावी दोन. एकाही गावात आठवीचा पट वीसवर नाही. सगळी बेरीज केली तर आठवीची मुलं भरली सत्तेचाळीस. एवढ्या पटावर यातल्या कोणत्याच गावाला पुढचा वर्ग मिळणार नाही. मात्र केंद्रशाळेत एक नववी सुरू केली तर ती पहिल्या दिवशी भरलेली असेल, आणि सगळ्यात लांबचं गाव तिथून पाच किलोमीटरच्या आत आहे. सायकलचं अंतर.

पट शाळेचा मोजू नका, केंद्राचा मोजा. केंद्र ही जिल्हा परिषदेचीच रचना आहे, केंद्रप्रमुखाचं पद आहे, नवं काही उभारायचं नाही. ज्या केंद्रात अनुदानित हायस्कूल आधीच आहे आणि पोरं तिथे पोचतात, तिथे दुसरं काढू नये. पैसा वाया जाईल. ज्या केंद्रात नाही, तिथे केंद्रशाळेला नववी-दहावी जोडावी. विज्ञान आणि गणिताचा शिक्षक दोन केंद्रांत मिळून एक असला तरी चालेल. आठवड्यातून तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. एका मास्तरने मोटरसायकलवर बारा किलोमीटर जाणं सोपं, चाळीस पोरींनी रोज सात-सात किलोमीटर जाण्यापेक्षा. जिथे डोंगर-जंगलामुळे हेही शक्य नाही, गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडसारख्या भागात, तिथे मुलींचं वसतिगृह हवं, आणि ते शाळेच्या आवारात हवं. आणि आठवीचा दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकावर लेखी जबाबदारी टाकावी, की ३१ जुलैपर्यंत हे मूल कोणत्या शाळेत दाखल झालं ते त्याने कळवायचं, नसेल झालं तर केंद्रप्रमुखाने घरी जायचं. माझ्यावर ही जबाबदारी असती तर मी त्या वावरात ऑक्टोबरात योगायोगाने पोचलो नसतो.

मागच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही केंद्रशाळेत नववीचा वर्ग सुरू करण्याचा ठराव घेतला. पाठोपाठ केंद्रातल्या आणखी सहा गावांनी घेतला. सातही ठराव, सत्तेचाळीस मुलांच्या नावांची यादी आणि गावांमधली अंतरं लिहिलेला नकाशा मी पंचायत समितीत दिला, पोच घेतली. डिसेंबरात विचारायला गेलो तेव्हा प्रस्ताव जिल्ह्याला पाठवला आहे, असं सांगितलं. यादीतली बत्तीस नावं मुलींची आहेत. वर्षअखेर त्यांची आठवीची परीक्षा होईल, आणि मे महिन्यात माझ्या जागी आलेले मुख्याध्यापक दाखल्यांचं पुस्तक उघडतील.